गुलाबी हातोडी

...आणि वर मलाच विचारतात, आजोबा, तुम्ही दिवा का लावलात? अहो, लावायचा नव्हता तर भिंतीवर बटण कशाला ठेवलं? बटण आहे, बटणाखाली मी बसलोय, समोर काचेपलीकडे माझी बायको बसलीय, आणि ही शिकलीसवरलेली मंडळी अंधारात बिस्किटं खात खात तिला हसताहेत, तर मी काय करायला हवं होतं? तोंडाने सांगायचं होतं, म्हणे. तुम्हाला सांगतो, तिथेच तर सगळं अडलं. मी मुळात बोलणारा माणूस नाही.

हसू नका. आता बोलतोय ते तुम्ही समोर बसवून ठेवलंय म्हणून. एरवी विचारा कोणालाही. कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक रंधेवाला होता, जन्म गेला आमचा शेजारी शेजारी लाकूड तासण्यात. तो निवृत्त झाला त्या दिवशी मी त्याला म्हटलं, तब्येतीला जप. तर तो म्हणतो, अरे, तुझा आवाज इतका बारीक आहे होय? आता बोला.

तर मी सुतार. दारं केली, खिडक्या केल्या, शाळेची बाकं केली. ज्यांच्यावर पोरांनी नंतर नावं कोरली, ती. हात चांगला होता माझा. होता म्हणतो, कारण पुढे तो हलायला लागला. उजवाच. आधी चहाच्या कपात लाटा यायला लागल्या, मग सही दुसऱ्याच माणसाची वाटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, वयाचं आहे आजोबा, जड काम सोडा, आराम करा. मी म्हटलं, बाई, सुताराने हातांना आराम दिला तर उरलेल्या सुताराचं करायचं काय? म्हणजे म्हटलं नाही. मनात म्हटलं.

घरी आलो. आणि त्याच आठवड्यात आमच्या कपाटाची बिजागरी निखळली. घ्या. सुताराच्या घरचं कपाट, लोंबकळतंय. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, स्क्रूच्या खाचेवर टेकवला, तर तो गेला डावीकडे. परत टेकवला, तर उजवीकडे. स्क्रू जागेवर, खाच जागेवर, आणि मी आपला त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय. आमची ही मागे उभी. तुम्हाला सांगतो, ती काय म्हणाली असती? द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं, असं म्हणाली असती तरी चुकलं नसतं. पण ती म्हणाली, "अहो, दार जड आहे, तुम्ही जरा दार धरता का? मी तेवढं पिळते."

तुम्ही दार धरा. लक्षात घ्या. म्हणजे मुख्य काम माझं, पिळायचं किरकोळ काम तिचं.

आणि पिळलं तिने, काय पिळलं म्हणता. का नाही पिळणार? सगळा संसार तिने मला हत्यारंच तर दिली. पक्कड दे, पाना दे, नाही तो नाही, बारका. मी मागायच्या आधी हातात. एवढी वर्षं नुसतं पाहून पाहून तिला सगळं येत होतं, फक्त तिच्या हातात कोणी दिलं नव्हतं. कोणी म्हणजे मीच, दुसरं कोण?

तर त्या दिवशी वरच्या मजल्यावरची वहिनी वाटीभर साखर मागायला आली. आली की तिची नजर सगळ्या घरातून फिरून येते, साखर आपली वाटीत पडायची ती पडते. म्हणाली, "अय्या, दार बसलं का? कोणी बसवलं?"

आमची ही हात पुसत म्हणाली, "यांनी."

झालं. तिथून सुरू झालं ते. वहिनीने सगळ्या जिन्याला सांगितलं की काकांचा हात अजून तसाच आहे. मग रोज कोणीतरी यायचं. काकू, खुर्ची डगमगतेय, काकांना सांगा ना. काकू, खिडकी लागत नाही. ही म्हणायची, "ठेवून जा, दुपारी करतील." दुपारी दार लावायचं, ही खाली फरशीवर बसायची, गुडघा दुखतो तिचा तरी, आणि मी वर उभा राहून बॅटरी धरायचो. बॅटरी धरली तरी हात हलायचाच. उजेड सगळ्या खोलीभर नाचायचा. ती म्हणायची, "बरं आहे, सगळीकडचं दिसतं." संध्याकाळी लोक खुर्ची न्यायला यायचे, माझ्याकडे बघून म्हणायचे, वा काका. मी मान हलवायचो. काय सांगणार? मी मुळात बोलणारा माणूस नाही, आणि खरं सांगू, ती वा ऐकली की बरं वाटायचं. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तर ती तसं सांगायची.

आता ही कंपनी कुठून आली मध्ये, ते सांगतो.

एक मुलगी आली दारावर. गळ्यात फोटोवालं कार्ड, हातात कागद अडकवलेली पाटी. "काकू, आमची कंपनी महिलांसाठी एक खास वस्तू बाजारात आणतेय. त्याआधी आम्हाला महिलांचं मत हवंय. याल का ऑफिसात? तासाभराचं काम, चहा-बिस्किटं, वर भेटवस्तू."

आमची ही म्हणाली, "मत? माझं? कशाबद्दल?"

"ते तिथे कळेल काकू."

ती मुलगी वरच्या वहिनीलाही सांगून गेली. पण आमच्या हिला जे झालं ते वहिनीला झालं नाही. आपलं मत विचारायला कोणी जिना चढून आलं ही तिची पहिलीच वेळ. म्हणजे मी विचारत नाही असं नाही, विचारतो... मनात. तिने ठेवणीतले कपडे काढले, इस्त्री केली, आणि मला म्हणाली, "तुम्ही चला सोबत. एकटी कशी बोलू मी?" मी गेलो. तिला बोलायला धीर द्यायला मला नेलं. मला.

तर ते ऑफिस. गार इतकं की माणसं टिकवून ठेवायची असावीत. सोफा असला खोल की बसलं की गुडघे कानाशी येतात. बायकांना सगळ्यांना एका खोलीत नेलं, वहिनी आणि ही जोडीने गेल्या, आणि मी सोफ्यात. तेवढ्यात एक घाईतले गृहस्थ आले. "अरे, आलात का? हार्डवेअरचे दुकानदार ना तुम्ही? तुमचीच वाट बघत होतो, चला चला, सुरू होतंय."

आता मी म्हणायला हवं होतं, नाही. एवढासा शब्द. पण तुम्ही कधी तसल्या सोफ्यातून उठलायत? उठायलाच सगळा श्वास जातो, बोलायला उरतो कुठे? त्यात त्यांनी माझा दंड धरून मला ओढून काढलं. ज्या माणसाने आपल्याला खड्ड्यातून काढलं, त्याला लगेच नाही कसं म्हणायचं? गेलो.

अंधारी खोली. ओळीने खुर्च्या, खुर्च्यांवर मंडळी, समोर भली मोठी काच. आणि काचेपलीकडे उजेडात, गोल टेबलाभोवती बायका. मी दचकलो. ते गृहस्थ कानात म्हणाले, "घाबरू नका, आपण त्यांना दिसत नाही. त्यांच्या बाजूने आरसा आहे. त्यांचं बोलणं इथे वरच्या डब्यातून ऐकू येतं, आपलं तिकडे जात नाही. एकच लक्षात ठेवा, दिवा लावायचा नाही. इथे दिवा लागला की आपण दिसतो." आणि मला बसवलं कुठे, तर त्याच बटणाखाली. पुढे मला दोष देऊ नका, मी आपण होऊन बसलो नव्हतो.

तर मी बसतो न बसतो, तोच आमची ही वळली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली. मी खुर्चीतच आकसलो. मग तिने हळूच कपाळावरची बट मागे सारली, मान जरा तिरकी केली. आरसा बघत होती हो. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नसेल, आणि पाहत होती ती स्वतःकडे. छान दिसत होती. मी तिला सांगणार होतो, पण मध्ये काच.

मग ती वस्तू आणली. एक गोड आवाजाची ताई होती, बायकांशी बोलायला ठेवलेली. तिने फडकं दूर केलं. "मैत्रिणींनो, ही बघा, खास तिच्यासाठी."

डबा. गुलाबी. म्हणजे कसा गुलाबी, तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असा. उघडला, तर आत गुलाबी हातोडी, गुलाबी पक्कड, गुलाबी स्क्रू-ड्रायव्हर, त्याच्या मुठीवर फूल. आणि झाकणाला आतून आरसा. मी म्हटलं, आरसा कशाला? खिळा ठोकताना तोंड कसं होतं ते बघायला? म्हटलं नाही. मनात म्हटलं.

माझ्या शेजारी मोठे साहेब होते. चष्मा डोक्यावर चढवलेला, अंधारात, देव जाणे कशासाठी. ते बोटं नाचवत म्हणाले, "बायका हत्यारं का घेत नाहीत? कारण हत्यारं कुरूप असतात. आपण त्यांना सुंदर हत्यार द्यायचं." पलीकडे एक रंगवाले होते, रंग ठरवणारे, ते म्हणाले, "सर, आपण यात चार छटा काढू. पहाट गुलाबी, संध्याकाळ गुलाबी..."

पुढचं ऐकलं नाही, कारण वरच्या डब्यातून ताईचा आवाज आला. "तर मला सांगा हं, तुमच्या घरात काही मोडलं, बिघडलं, तर दुरुस्त कोण करतं?"

बँकेत काम करणारी एक बाई म्हणाली, "फोन करते, माणूस येतो. कधी येतो ते विचारू नका."

दुसरी म्हणाली, "आमच्याकडे दुरुस्त करत नाहीत. मोडलेलं वापरायची सवय करतात."

सगळ्या हसल्या. वरची वहिनी म्हणाली, "आम्ही खाली काकांकडे देतो."

मग ताई आमच्या हिच्याकडे वळली. "आणि काकू, तुमच्याकडे?"

आता बघा. तिथे कोण होतं ऐकायला? तिच्या मते तर मी बाहेर सोफ्यात. सांगून टाकायचं होतं, मी करते. पण शेजारी वहिनी बसलेली ना. ही म्हणाली, "आमचे हे करतात सगळं. हातात कला आहे त्यांच्या. मला कुठलं येतंय?"

इतक्या मनापासून म्हणाली की ऐकताना मलाही क्षणभर वाटलं, करतो की काय मी?

इकडे साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघा. मी काय म्हणत होतो? या वयाच्या बायकांना खिळ्याचं टोक कुठलं आणि डोकं कुठलं हेसुद्धा माहीत नसतं. ही बघा, ही काकू. अगदी नमुना. हिला हत्यार नाही विकायचं, हिला भावना विकायची." आणि माझ्याकडे वळून, "काय हो काका, तुमचा दुकानाचा एवढा अनुभव. बायका येतात कधी हातोडी मागायला?"

मी मान हलवली. उभी की आडवी ते माझं मलाच ठाऊक नाही. त्यात हातातला कप बशीवर खुळखुळायला लागला. साहेब म्हणाले, "बघा, अनुभवी माणूस काय सांगतोय." काय सांगतोय? मी मुळात बोलणारा माणूस नाही, तर सांगतोय काय? पण त्यांनी ऐकलं हो. जे हवं ते ऐकायला समोरच्याने बोलावं लागतंच असं नाही, हे मला त्या खोलीत कळलं.

रंगवाले म्हणाले, "सर, हातोडीला वास देऊ. गुलाबाचा."

"द्या. आणि अजून हलकी करा."

"सर, अजून हलकी केली तर खिळा..."

"खिळा कोण ठोकणार आहे? ती नुसती दिवाणखान्यात ठेवायचीय."

बिस्किट हातात, अर्धं चहात पडलेलं. मनात म्हटलं, जाऊ दे, तासाभराचं काम, भेटवस्तू घेऊन घरी जाऊ. खरंच गप्प बसलो असतो. पण पुढे काय झालं ते ऐका, आणि मग सांगा मला मी चुकलो का.

ताई म्हणाली, "काकू, हातात घेऊन बघा ना हातोडी."

हिने घेतली. आणि कशी घेतली? दांड्याच्या शेवटाला धरून. मनगट मोकळं. एकदा तळहातावर तोलली, हवेत एक बारीक झोका दिला... शिकवून येत नाही ते. मी माझ्या खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, आता बघा, डोळे उघडून बघा.

आणि ती थांबली. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून वहिनीकडे पाहिलं. मग हातातली हातोडी हळूच वर सरकवली, अगदी लोखंडाजवळ मुठीत धरली, पेरूला धरतात तशी, आणि टेबलावर ठुक् ठुक् करून म्हणाली, "अशीच धरतात ना हो?"

इकडे खोलीत हशा. साहेबांच्या डोक्यावरचा चष्मा नाकावर आला हसून हसून.

तुम्हाला सांगतो, मला बाकी काही ऐकू येईना. तिने मुद्दाम चुकीची धरली. माझ्यासाठी. ज्या बाईने अख्ख्या जिन्याच्या खुर्च्या उभ्या केल्या, ती तिथे परक्या माणसांत, ठेवणीतले कपडे घालून, स्वतःला अडाणी ठरवत होती. का? तर वरच्या मजल्यावर माझी वा टिकावी म्हणून. आणि हे हसत होते. आणि त्या हसण्यावर आता डबे निघणार, दुकानांत लागणार, आणि कुठलीतरी दुसरी बाई, जिला खरंच खिळा ठोकायचाय, ती ती गुलाबी हलकी हातोडी घरी नेणार, खिळा जाणार नाही, आणि तिला वाटणार, आपलंच काहीतरी चुकतंय.

आता उठून सांगावं ना चार शब्द. सगळे हेच म्हणतात. पण तोंड उघडलं तर आवाज येईना. मी मुळात बोलणारा माणूस नाही.

म्हणून मी दिवा लावला.

परत तीच वेळ आली तर परत लावीन, हे आधीच सांगून ठेवतो.

उजेड पडला आणि तिकडे एकदम शांत. तुम्ही कल्पना करा, तुम्ही आरशासमोर बसलायत, आणि आरशातून अचानक माणसांची एक रांग तुमच्याकडे बघतेय, प्रत्येकाच्या हातात बिस्किट. बँकेतली बाई किंचाळली. रंगवाले खुर्चीखाली वाकले, जणू खाली काहीतरी पडलंय. साहेबांनी चष्मा परत डोक्यावर नेला. आणि आमची ही? ती उठून काचेजवळ आली, डोळे बारीक केले, आणि वरच्या डब्यातून तिचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"अहो, तुम्ही तिथे काय करताय? आणि ते बिस्किट ठेवा आधी. गोड बंद आहे ना तुमचं?"

मी बिस्किट ठेवलं. माझं बोलणं तिकडे जात नव्हतं, म्हणजे माझ्या सोयीचंच. मी उजवा हात वर केला, तो हलणारा, आणि काचेला लावला. सगळ्यांना दिसेल असा. काचसुद्धा थरथरायला लागली असं मला वाटलं. मग त्याच हाताने तिच्याकडे बोट दाखवलं. मी नाही. ती.

तिने मान हलवली. नको, असं म्हणाली, आवाज न करता. मी परत दाखवलं. हात. मी नाही. तू.

वहिनी एकदा माझ्या हाताकडे बघतेय, एकदा हिच्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक खुर्ची, एकेक खिडकी आठवत जातेय, मला दिसत होतं ते इकडून. "काकू," ती म्हणाली, "म्हणजे आमची खिडकी...?"

आमच्या हिने एक सुस्कारा टाकला. मग काय केलं असेल? जिच्यावर ती बसली होती ना, ती खुर्ची मघापासून डुगडुगत होती आणि हिचा जीव तिच्यात अडकला होता, मी ओळखतो ना. तिने खुर्ची उलटी केली, त्या गुलाबी डब्यातला फुलाचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, सैल स्क्रू दोन वेळा पिळला, खुर्ची सरळ ठेवली, तिच्यावर बसली, आणि म्हणाली, "हं. विचारा पुढचं."

आता तुम्हाला वाटेल, साहेब वरमले असतील. मलाही वाटलं होतं. अहो, कसले वरमतात. ते उभे राहून म्हणाले, "कोणीही दिवा बंद करू नका. हे सोनं आहे सोनं. नवरे थकलेत, बायकांनी हातोडी हातात घेतलीय, आणि कुठल्याही कंपनीचं तिकडे लक्ष नाही. किती घरं असतील अशी? लिहून घ्या. आणि डबा अजून लहान करा, म्हणजे चोरून वापरायला बरा." बघा. मी माझा हात चव्हाट्यावर मांडला, आणि त्यातून निघालं काय, तर लहान डबा.

मग मला म्हणाले, "काका, म्हणजे तुम्ही दुकानदार नाही?"

मी म्हटलं, "नाही."

त्या ऑफिसात मी तोंडाने बोललेला हा एकच शब्द. तोसुद्धा आधी बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

घरी निघालो. ती एक शब्द बोलेना. माझं न बोलणं आणि तिचं न बोलणं यात फरक असतो. माझ्या न बोलण्यात काही नसतं. शेवटी कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "कशाला दाखवलात हात? इतकी वर्षं झाकला मी."

"हसत होते तुला."

"हसू देत की. मला ठाऊक आहे ना मला काय येतं ते."

"मला पण ठाऊक आहे."

"मग झालं तर."

"त्यांना ठाऊक नव्हतं," मी म्हटलं.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, या खेपेला मध्ये आरसा नव्हता. मग तिने माझा तो हात धरला. रस्ता ओलांडायचाय, म्हणाली. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही. मी काही बोललो नाही. अशा वेळी बोलणारी माणसं सगळं घालवतात.

आमच्या आधी वहिनी घरी पोचली होती. जिना चढेपर्यंत तळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मी म्हटलं, संपलं, आता उद्यापासून कोणी वा काका म्हणणार नाही. आणि नाहीच म्हणत. आता सगळे थेट तिलाच बोलावतात. काकू, नळ गळतोय, येता का? काकू, कुलूप अडकलंय. ती माझी जुनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जाते, माझी खरी हातोडी, वजनदार, आणि मी घरी. परवा गेली तेव्हा दारातून मलाच म्हणते, "दूध तापलं की बंद करा." म्हणजे बघा.

आणि मग एक दिवस तो डबा आला. भेट म्हणून. गुलाबी, साहेबांनी सांगितला तसा लहान, आणि उघडला तर गुलाबाचा वास सगळ्या घरात. वर एका बाईचं चित्र, पांढरेशुभ्र कपडे, हातोडी अगदी लोखंडाजवळ धरलेली. खाली सोनेरी अक्षरांत, खास तिच्यासाठी. आमच्या हिने हातोडी उचलली, तोलली, आणि परत ठेवली. "ही कसली? फुंकर मारली तर उडेल." आणि पिशवी घेऊन गेली कुणाच्या तरी खिडकीला.

मी एकटा. समोर डबा. सहज ती हातोडी हातात घेतली. आता खरं सांगतो, कोणाला सांगू नका. हलकी होती ना ती, माझा हात ओढून नेईना. जड हातोडी उचलली की हात जास्त हलतो, ही मुकाट्याने येत होती सोबत. एक बारीक खिळा घेतला. चुकला. परत. चुकला. परत... आणि गेला हो आत. वाकडा गेला, पण गेला. कितीतरी काळाने लाकडात माझा खिळा गेला.

मग मी रोज ती बाहेर गेली की बसायचो. फळ्या होत्या जुन्या, कापलेल्या. एक बुटकं स्टूल करायला घेतलं, तिच्यासाठीच. फरशीवर बसते ना काम करताना, गुडघा दुखतो. खिळे सगळे माना टाकलेले, एक पाय जरा बाहेर, आणि लाकडाला गुलाबाचा वास. पण उभं राहिलं. मी ते मधोमध ठेवलं आणि तिची वाट बघत बसलो.

ती आली. बघितलं. सगळीकडून हात फिरवला, प्रत्येक वाकड्या खिळ्यावरून. मग बसली त्याच्यावर, आणि बराच वेळ उठली नाही.

तेवढ्यात वरची वहिनी आली साखरेला. नजर फिरलीच. "अय्या, नवं स्टूल? कोणी केलं?"

आमची ही म्हणाली, "यांनी."

वहिनी हसली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुरे हो काकू आता. आम्हाला कळलंय सगळं. किती सांभाळाल त्यांना?"

"अगं खरंच, यांनीच केलं. शपथ."

"बरं बरं, यांनी केलं," वहिनी म्हणाली, माझ्याकडे बघून लहान मुलाकडे बघतात तशी हसली, आणि साखर घेऊन वर गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं की काकूंनी स्टूलसुद्धा केलं. दोन बायका नमुना बघून गेल्या. त्यांनाही अस्संच हवंय.

मी काय सांगणार? मी मुळात बोलणारा माणूस नाही. आणि आमच्या घरात लावायला दुसरा दिवा नाही, आहे तो चालूच होता. हातोडी डब्यात ठेवली, झाकणातल्या आरशात जरा तोंड पाहिलं, आणि वर काय लिहिलंय ते परत एकदा वाचलं. खास तिच्यासाठी. खरं आहे, म्हटलं, कंपनीचं एवढं तरी बरोबर निघालं.

म्हटलं नाही. मनात म्हटलं.